ओव्हन नाही, पैसे मोजके : पिझ्झाची कणीक घरी जमेल का?

प्रश्न : मी मूळची जळगावची. विलेपार्ले पश्चिमेला इंजिनीअरिंग शिकते. आम्ही चौघीजणी मिळून एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं आहे. महिन्यातून दोन-तीनदा पिझ्झा मागवला जातो आणि महिनाअखेरीला हिशेब बघून पोटात गोळा येतो. घरी करू म्हटलं तर प्रत्येकीचा सल्ला वेगळा. एक म्हणते इटलीचं पीठ हवं, दुसरी म्हणते यीस्टऐवजी इनो घाल, तिसरी म्हणते ओव्हन नसेल तर नादच सोड. आमच्याकडे एक इंडक्शन शेगडी, डोशाचा सपाट बिडाचा तवा आणि छोटा फ्रिज आहे. वजनकाटा नाही, ओटा जेमतेम हातभर. पिझ्झाची कणीक खरंच घरी होते का, आणि आम्हाला परवडेल का?
– एक विद्यार्थिनी, विलेपार्ले (पश्चिम)

उत्तर : होते, आणि पिझ्झामधला सगळ्यात स्वस्त भाग कणीकच असतो. अर्धा किलो मैदा साधारण २५ ते ३० रुपयांना मिळतो आणि त्यात नऊ इंची चार पिझ्झे होतात. चिमूटभर यीस्ट, मीठ आणि चमचाभर तेल धरलं तरी एका पिझ्झाची कणीक १० रुपयांच्या आसपास बसते. खरा खर्च चीजचा. २२ सप्टेंबर २०२५पासून चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तरी तुमच्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा त्याचाच राहील. त्याच दिवशी पिझ्झा ब्रेडवरचा कर शून्य झाला, त्यामुळे तयार बेस आणायचा मोह होईल. तो टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा भाजून गार झालेला बेस तव्यावर नुसता गरम होतो, फुलत नाही. आणि त्याला स्वतःची चव नसल्यानं वर चीजचा थर वाढवत न्यावा लागतो. कणीक नीट आंबलेली असली तर चीज निम्म्यावर येतं. घरच्या कणकेत पैसे वाचतात ते खरे इथे.

चांगल्या कणकेला महाग असं काहीच लागत नाही. वेळ लागतो, आणि त्यातला बहुतेक वेळ ती फ्रिजमध्ये पडून असते. हे एकदा पटलं की मैत्रिणींचे तिन्ही सल्ले आपोआप बाजूला पडतात.

आधी इटलीचं पीठ. आयात पिठाच्या पुड्यांवर ‘००’ असं छापलेलं असतं आणि त्यासाठी मैद्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. पीठ किती पांढरं आहे, त्यात कोंड्याचा अंश किती उरला आहे, यावरून इटलीत पिठाच्या प्रती ठरवतात. ‘००’ ही त्यातली सगळ्यात शुभ्र प्रत. पीठ किती ताणलं जाईल, हे त्या खुणेवरून कळत नाही. ताण येतो प्रथिनांमुळे. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांना धरतात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. ग्लुटेनिन कणकेला दम देतं, ग्लायडिन तिला ताणू देतं. तेव्हा दुकानात मैद्याची पुडी उलटून मागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे प्रथिनं १० ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिसली की ती पुडी घ्या.

तू जळगावची आहेस, म्हणून आणखी एक सांगते. तुमच्याकडचे पुरणाचे मांडे आठव. गहू ओलवून, दळून, अगदी बारीक चाळून घेतलेलं पीठ सैल भिजवायचं, तेल-पाण्याच्या हातानं तिंबून तिंबून मऊ करायचं, मुरू द्यायचं. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटापासून कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. लाटणं कुठेच नाही. पिझ्झा करणारा कारागीर कणीक हातावर फिरवताना दिसतो तेव्हा आपण थक्क होतो, पण खानदेशातल्या बायका पुरणासकट तेच करत आल्या आहेत, आणि पुरण आत असताना ते कितीतरी अवघड आहे. त्या कणकेत ताण येतो तो सैलपणामुळे आणि मुरण्यामुळे. पिझ्झालाही नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. घट्ट मळलेली कणीक कितीही ताणली तरी रबरासारखी मागे येते. ती सैल करून, झाकून थांबलं की मुकाट्यानं पसरते.

गिरणीतून दळून आणलेलं गव्हाचं पीठ चालेल का, असंही तुमच्या मनात येईल, कारण ते डब्यात असतंच. चक्कीत दळताना दाबानं आणि उष्णतेनं गव्हाचा स्टार्च बराच फुटतो. असा स्टार्च पाणी जास्त ओढतो, म्हणून आपली पोळी मऊ राहते. पण त्यातला कोंडा ग्लुटेनची जाळी जागोजागी कापतो, त्यामुळे नुसत्या गव्हाच्या पिठाचा पिझ्झा जड होतो. चौथा हिस्सा गव्हाचं पीठ आणि बाकी मैदा हे प्रमाण मला आवडतं. चव खमंग येते, पाणी मात्र दोन चमचे वाढवावं लागतं.

आता इनो. हा सल्ला देणाऱ्या मैत्रिणीला पार्ले-जीचा पुडा दाखव. त्याच्या घटकांच्या यादीत ५०३ आणि ५०० असे आकडे दिसतील. ५०३ म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट आणि ५०० म्हणजे खायचा सोडा. तुमच्या स्टेशनाच्या पूर्वेला, रुळांपासून जवळच पार्लेचा कारखाना होता. तो १९२९ साली सुरू झाला आणि २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. त्याआधी पार्ल्याहून जाणाऱ्या लोकलमध्ये बिस्किटांचा गोड वास शिरायचा. जुन्या पार्लेकरांना तो आजही आठवतो. त्या बिस्किटांना फुगवणारं काम या क्षारांचं, यीस्टचं नव्हे. बिस्कीट पातळ असतं, भाजताना अमोनिया सगळा उडून जातो, आणि बिस्किटाला ताण नकोच असतो, ते तुटायलाच हवं. इनोही सोड्याच्याच कुळातला : सोडा आणि सायट्रिक आम्ल. पाणी लागताच तो फसफसतो आणि त्याचा जोर काही मिनिटांत संपतो. ढोकळ्याला तेच हवं असतं. पिझ्झाच्या कणकेत मात्र जाळी तयार व्हायच्या आत वायू निघून जातो, आणि चवीत भर काहीच पडत नाही.

यीस्ट वेगळ्या रीतीनं काम करतं. तो जिवंत सूक्ष्मजीव आहे. पिठातली साखर खाऊन तो कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल बाहेर टाकतो. वायू ग्लुटेनच्या जाळीत अडकतो आणि कणीक फुगते. सोबतीला पिठातले जिवाणू आम्लं तयार करतात, आणि मुरलेल्या कणकेची जी चव आपण ओळखतो ती या सगळ्यांची मिळून असते. फुगायला तास पुरतो, चव यायला रात्र लागते. म्हणूनच आमटी-भाजी न घेता नुसता खावासा वाटणारा पाव आणि नुसता फुगलेला पाव यांत एवढं अंतर असतं.

पावाचा विषय निघालाच आहे तर गोव्याचं उदाहरण सांगायलाच हवं. पोर्तुगीजांना पाव हवा होता, पण इथे त्यांचं खमीर मिळेना. मग तिथल्या पोदेरांनी माडाची सूर घालून पीठ आंबवलं, कारण सुरेत यीस्ट आपसूक असतं. पुढे गोव्याचे बेकरीवाले मुंबईत आले, इराणी आले, आणि लादीपाव या शहराचा झाला. लादीपाव आणि पिझ्झा यांची कणीक जवळजवळ एकच : मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. वडापाववर वाढलेल्या मुंबईला पिझ्झाची कणीक परकी मानायचं कारणच नाही.

यीस्ट घेताना ‘इन्स्टंट ड्राय यीस्ट’ असं लिहिलेलं घ्या. ते थेट मैद्यात मिसळता येतं. ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ असेल तर आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून फेस येतो का ते बघावं लागतं. छोटं पाकीट कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात मिळतं. मोठं पाकीट घ्यायचं असेल तर हार्बरच्या गाडीनं पार्ल्याहून थेट सीएसएमटी गाठा. क्रॉफर्ड मार्केटच्या भागात बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत. उघडलेलं यीस्ट घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रीझरमध्ये ठेवा. पार्ल्याच्या दमट हवेत ते बाहेर राहिलं तर ओलावा धरतं आणि मरतं.

आता कृती. वजनकाटा नाही म्हणतेस, तर अर्धा किलोची पुडी पूर्ण वापर, मोजायचा प्रश्नच मिटला. पाणी ३१० मिली लागेल : २५० मिलीची एक छोटी बाटली, आणि वर कफ सिरपच्या खुणा असलेल्या झाकणानं मोजून ६० मिली. इन्स्टंट यीस्ट चहाचा अर्धा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. पाकिटावर याच्या तिपटीहून जास्त लिहिलेलं असेल, कारण ते तासाभरात कणीक फुगवायला सांगतात. आपण रात्रभर थांबणार आहोत. मीठ चहाचे सपाट दीड चमचे भरून थोडं वर, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास. मीठ कमी करू नका. चवीखेरीज ते यीस्टला लगाम घालतं आणि जाळी घट्ट करतं. तेल एक मोठा चमचा, साखर चहाचा एक चमचा. नेपल्सच्या कणकेत तेल-साखर नसते, पण तिथली भट्टी प्रखर असते. तव्याच्या मंद आचेवर रंग चढायला या दोघांची मदत होते.

मोठ्या पातेल्यात मैदा आणि यीस्ट मिसळा, पाणी घाला, हातानं नुसतं कालवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. झाकून वीस-पंचवीस मिनिटं तसंच ठेवा. रेमाँ काल्व्हेल या फ्रेंच बेकिंगतज्ज्ञानं १९७०च्या दशकात ही विश्रांती रूढ केली. न मळताही पीठ पाणी पितं आणि ग्लुटेन स्वतःहून जुळायला लागतं. (काल्व्हेल यीस्ट आणि मीठ या विश्रांतीनंतर घालायला सांगतात; इतकं कमी यीस्ट आधी घातल्यानं फरक पडत नाही.) मग मीठ, साखर, तेल घालून चार-पाच मिनिटं पातेल्यातच मळा. चिकटेल. चिकटू द्या, वरून मैदा भुरभुरू नका, हात पाण्यात बुडवून घ्या. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी कणकेची एक कड उचलून, ताणून, मध्यावर दुमडायची. चारी बाजूंनी एकदा, असं तीनदा. इतकंच. हातभर ओट्याची अडचण संपली, कारण सगळं काम पातेल्यात होतं. न मळता पाव करायची जिम लेही यांची रीत २००६ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये मार्क बिटमन यांनी लिहिली आणि घराघरांत पोचली, तीही याच तत्त्वावर उभी आहे : हाताचं काम वेळावर सोपवायचं.

शेवटच्या दुमडीनंतर तासभर बाहेर ठेवा, मग चार गोळे करा, तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यांत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. डब्यात दुप्पट जागा असू द्या. दुसऱ्या दिवशी रात्री कणीक तयार, आणि तिसऱ्या दिवशी ती आणखी चवदार. परीक्षेच्या आठवड्यात हे विशेष सोयीचं, कारण रविवारी भिजवलेली कणीक बुधवारपर्यंत कधीही काढता येते.

त्याच संध्याकाळी खायचं असेल तर यीस्ट चहाचा एक पूर्ण चमचा घाला; मुंबईच्या ३० अंशांत दीड तासात कणीक दुप्पट होईल. इटालियन आणि अमेरिकन पुस्तकांत ‘उबदार जागा शोधा’, ‘कोमट पाणी घ्या’ असं लिहिलेलं असतं. ते थंड देशांसाठी. आपल्याकडे नळाचं पाणी पुरतं, आणि मे महिन्यात तर फ्रिजमधलं गार पाणी घ्यावं, नाहीतर कणीक चव यायच्या आत फुगून बसते. ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, हेही लक्षात असू द्या. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा आधीच प्यायलेला असतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दोन मोठे चमचे पाणी मागे ठेवा आणि गरज वाटली तरच घाला.

राहिला तिसरा सल्ला, ओव्हनचा. नेपल्सच्या पिझ्झासंघटनेच्या नियमांप्रमाणे पिझ्झा ४३० अंशांच्या वर तापलेल्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. तिथल्या पिझ्झा कारागिरांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोनं वारसा यादीत जागा दिली. तो पिझ्झा घरच्या साध्या ओव्हनमध्येही होत नाही, कारण असे ओव्हन २५० अंशांपर्यंतच जातात. त्यामुळे ओव्हन नसल्याचं दुःख करू नका. आणि नेपल्समध्येच भट्टीशिवायच्या पिझ्झाची जुनी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर उद्ध्वस्त झालं होतं, भट्ट्या पडल्या होत्या, चीज महाग होतं. तेव्हा बायका दारात कढई मांडून कणकेचा पिझ्झा तेलात तळून विकायच्या. त्याला ‘पिझ्झा फ्रित्ता’ म्हणतात. आज खा, पैसे आठ दिवसांनी द्या, असा उधारीचा व्यवहारही असे. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ सालच्या ‘लोरो दी नापोली’ या चित्रपटात सोफिया लोरेन असाच उधारीचा पिझ्झा विकते. कडकीतल्या माणसांनी वाढवलेला पदार्थ आहे हा. तो विद्यार्थ्यांच्या खोलीत होणार नाही तर कुठे होणार?

तुमचा बिडाचा सपाट तवा या कामाला फार चांगला. इंडक्शनवर तो पूर्ण टेकतो आणि उष्णता धरून ठेवतो. (पोळीचा खोलगट तवा इंडक्शनवर नीट टेकत नाही. नॉनस्टिक असेल तर रिकामा तापवू नका. २६० अंशांच्या वर त्याचा थर बिघडतो.) गोळा तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. ताटात बारीक रवा भुरभुरा, त्यावर गोळा ठेवून मधून कडेकडे बोटांनी दाबत न्या. लाटणं नको, त्यानं रात्रभर साठलेला वायू निघून जातो. कडेचा बोटभर भाग जाड राहू द्या. तवा मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब नाचला की कणीक टाका. दोन-अडीच मिनिटांत वर फुगे येतील आणि खालून तपकिरी ठिपके पडतील. मग उलटा, आच कमी करा, आणि भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज घाला. ही युक्ती महत्त्वाची आहे : तव्यावर वरून आच नसते, म्हणून वरची बाजू आधीच भाजलेली असायला हवी. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. चीज वितळलं की शेवटचं मिनिट झाकण तिरकं करा, म्हणजे वाफ बाहेर जाईल आणि तळ कुरकुरीत राहील.

सॉस शिजवायची गरज नाही. पिकलेले टोमॅटो किसून पाणी थोडं निथळून घ्या, त्यात ठेचलेला लसूण, मीठ, तेल. ओरेगॅनोच्या पुड्या तुमच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतीलच. संपल्या तर चिमूटभर ओवा हातावर चोळून घाला. ओव्यात थायमॉल असतं आणि ते ओरेगॅनोमध्येही सापडतं, म्हणून वास जुळतो. मोझरेलाचं २०० ग्रॅमचं पाकीट चौघींत वाटा. ५० ग्रॅम या आकाराला पुरतं. रोजच्या प्रोसेस्ड चीजनं भागेल, फक्त तार येणार नाही. अर्धं ते आणि अर्धं मोझरेला हा मध्यम मार्ग खिशाला बरा.

चौघींपैकी एखादी बाहेर असेल आणि गोळा उरला, तर तो त्याच रात्री तेलाचा हात लावून पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर टिकतो, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये ठेवून वितळू द्यायचा. आणि फ्रिजमध्येच चार दिवस विसरलेला गोळा सैल पडला, त्याला दारूसारखा आंबूस वास आला, तर फेकू नका. त्यात आता पिझ्झाचा दम उरलेला नसतो, पण लसूण-कोथिंबीर चुरडून, थापून, झाकण ठेवून तव्यावर भाजला की कटाच्या आमटीबरोबरही छान लागतो.